हिंजवडी आणि आंजर्ले

पुणे शहराच्या वायव्येस, मुळा नदी ओलांडून पुढे गेले म्हणजे मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव लागते. गावचे दैवत म्हातोबा. चैत्रात देवाचे बगाड हिंजवडीहून निघून वाकडास जाते आणि त्या दिवशी पंचक्रोशीतील माणूस तेथे लोटतो. ही चाल जुनी असून अद्याप चालू आहे. परंतु आज हिंजवडीचे नाव काढले असता पुण्यातील तरुणाच्या मनात म्हातोबा येत नाही. येते ती वाहतुकीची कोंडी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथील शेतजमिनींवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविला व त्याचे तीन भाग पाडले. त्या भागांस पेठ, आळी किंवा वाडी असे न म्हणता ‘फेज’ म्हणतात. चंद्राच्या कलांसही इंग्रजीत हाच शब्द लावतात. मात्र चंद्राच्या कला पंधरा दिवस वाढतात व पंधरा दिवस घटतात, ह्या केवळ वाढतच गेल्या.

सन २०२४ च्या आषाढात आमचे ह्या भागात जाणे झाले. आमचा पुतण्या वाकडास राहतो व तिसऱ्या फेजमधील एका कंपनीत काम करतो. त्याच्याकडे आठ दिवस मुक्काम होता. आठवड्यातून तीन दिवस त्याने कचेरीत जावे व दोन दिवस घरून काम करावे, असा त्याच्या कंपनीचा दंडक. मंगळवारी सकाळी तो निघाला तेव्हा आम्हीही त्याच्या मोटारीत बसलो. वाकडच्या पुलापासून त्याची कचेरी सुमारे आठ किलोमीटर. आम्हांस घड्याळ पाहण्याची जुनी खोड आहे. पुलावर आठ वाजून वीस मिनिटे झाली होती. कचेरीच्या फाटकाशी आम्ही पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. डोक्यावर मेट्रोचे खांब उभे होते. माण येथून शिवाजीनगरपर्यंत सुमारे २३ किलोमीटर धावावयाच्या ह्या मेट्रोची कोनशिला डिसेंबर २०१८ मध्ये बसविली गेली; आम्ही गेलो तेव्हा खांब व वरचा मार्ग दिसत होता, गाडी दिसत नव्हती. खांबांखालून पावसात भिजत, एकमेकांस कोपरे लावीत, दुचाक्यांचा लोंढा सरकत होता. वर्षातून एकदा देवाचे बगाड ह्या बाजूने जाते; हजारो माणसांचे बगाड मात्र येथे रोज दोनदा निघते आणि त्यास मान कोणाचाच नाही.

फाटकाच्या आत आम्हांस प्रवेश नव्हता. गळ्यातील ओळखपत्र यंत्रास दाखविल्यावाचून तेथे कोणी आत जात नाही. म्हणून आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. टपरीचा मालक मराठवाड्यातला, बोलका व हिशेबी. त्याने सांगितले, “गुरुजी, मी दूध वाराप्रमाणं घेतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार जास्त. सोमवारी निम्मं. शुक्रवारी घेतलं तर फाटतंय, पीत कोण न्हाई.” दूरच्या एका दिवाणखान्यात कोणी बड्या माणसाने ठरविले, की नोकरांनी आठवड्यातून तीन दिवस यावे, त्या ठरावाचे माप येथे दुधाच्या पिशव्यांत लागते. सन २०२० च्या मार्चात तर ह्या माणसाचे पातेले जे पालथे झाले, ते सुमारे दीड वर्ष सुलटे झाले नाही. तो गावी जाऊन सोयाबीन काढीत होता. घरून काम करण्याच्या सुखदुःखांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्यांचे काम घरून होऊच शकत नाही, असे पहारेकरी, सफाई करणाऱ्या बाया, बसचे चालक, खानावळवाले, ह्यांचे पोट त्या बंद इमारतींवर होते, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच राहते.

वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींस ह्या तीन तऱ्हांच्या नोकऱ्यांची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. पहिली तऱ्हा आपल्या परिचयाची: सकाळी कामावर जावे, सायंकाळी परत यावे. दुसरी, घरात बसून संगणकाच्या साहाय्याने काम करावयाचे व वरिष्ठांशी पडद्यावर बोलावयाचे. तिसरी, ह्या दोहोंची भेसळ. हिला ‘हायब्रिड’ म्हणतात. आमच्या लहानपणी संकर ह्या शब्दास चांगला अर्थ नव्हता. मग संकरित ज्वारी आली, संकरित गाई आल्या आणि आता संकरित नोकरी आली. शब्दांचेही दिवस पालटतात.

ही कल्पना मात्र वाटते तितकी नवी नव्हे. अमेरिकेतील जॅक नाइल्स ह्या गृहस्थांनी सन १९७३ मध्येच, माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम तारेवरून माणसाकडे यावे, असा विचार मांडून त्यास नावही दिले होते. त्याच वर्षी तेलाची टंचाई आली व काही काळ लोकांनी ते मनावर घेतले. परंतु ज्या गोष्टीस विचारवंतांच्या सांगण्याने सत्तेचाळीस वर्षे गती आली नाही, तिला साथीने एका रात्रीत गती दिली. २४ मार्च २०२० रोजी रात्री टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. हिंजवडीतील कंपन्यांनी संगणक गाड्यांत घालून नोकरांच्या घरी पोहोचविले. येथील कित्येक इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात मोडतात. त्यांतील काम बाहेरून करावयास सरकारी परवानगी लागते, ती तात्पुरती देण्यात आली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्या क्षेत्रांच्या नियमांत ४३अ हा नवा नियम घालून निम्म्या नोकरांपर्यंत ही सवलत रीतसर केली व नंतर ती वाढविली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या मोठ्या कंपनीने सन २०२० मध्ये असे जाहीर केले होते, की सन २०२५ पर्यंत एका वेळी चौथा हिस्सा नोकर कचेरीत असले तरी पुरे. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या लोकांस आठवड्याचे पाचही दिवस बोलाविले. वारा कोणत्या दिशेस वळला, हे ह्या दोन घोषणांवरून दिसून येईल.

त्या सायंकाळी पुतण्याने आपल्या तीन सहकाऱ्यांस घरी जेवावयास बोलाविले. आम्हांस त्यांचे बोलणे ऐकावयाचे होते, हे त्याने त्यांस सांगून ठेवले होते.

पहिला तरुण विदर्भातला. शिक्षण संपताच सन २०२१ मध्ये तो नोकरीस लागला व पहिले दीड वर्ष त्याने कचेरीची पायरी पाहिली नाही. चार मुलांनी मिळून घेतलेल्या खोलीत, खाटेवर मांडी घालून तो काम करीत असे. सहकारी म्हणजे पडद्यावरील लहान चौकटी. त्याही बहुधा काळ्या, कारण कोणी तोंड दाखवीत नसे. “सर, अडलं की विचारायचं कोणाला? मेसेज टाकायचा आणि तासभर वाट पाहायची. शेजारी कोणी असता तर दोन मिनिटांचं काम होतं,” असे तो म्हणाला. आम्हांस आमच्या पेशाचे स्मरण झाले. संस्कृतात शिष्यास अन्तेवासी म्हणतात. अन्तेवासी म्हणजे जवळ राहणारा. उपनिषद् ह्या शब्दातही जवळ बसणे आहे. विद्या सांगून जितकी येते त्याहून अधिक ती जवळ बसून येते, हे ज्यांनी हे शब्द घडविले त्यांस ठाऊक होते. हा मुलगा आता आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत जातो. कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. तेथे खुर्ची आहे, वारा आहे, बरे जेवण आहे आणि विचारावयास माणसे आहेत.

दुसरी एक बाई होत्या. दोन मुलांची आई, घरी सासू. घरून काम करण्याची सवलत मिळाली नसती तर धाकट्याच्या जन्मानंतर नोकरी सोडावी लागली असती, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण त्याचबरोबर त्या हसून म्हणाल्या, “घरी असले की मी सगळ्यांना सापडते. गॅसवाला मला सापडतो, कुरिअरवाला मला सापडतो, सासूबाईंना औषधाची वेळ विचारायला मीच सापडते. मीटिंग चालू आहे हे कोणाला दिसतच नाही, कारण मी घरातच तर आहे!” कचेरीचे तीन दिवस त्यांस कसे वाटतात, असे विचारता त्यांनी क्षणभर विचार केला. “प्रवासानं जीव जातो. पण त्या तीन दिवसांत मी डबा बसून खाते,” असे त्यांचे उत्तर. हे वाक्य आमच्या वाचक भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील पुरुषांनी ते दोनदा वाचावे.

तिसरे गृहस्थ चाळिशीचे. त्यांचे हाताखालचे लोक चेन्नईस व वरिष्ठ अमेरिकेत. ते पाषाणहून रोज दीड तास प्रवास करून हिंजवडीस जातात, तेथे कानांस यंत्र लावून चेन्नईशी व अमेरिकेशी बोलतात व पुन्हा दीड तास प्रवास करून घरी येतात. हिंजवडीतील एकाही मनुष्याशी त्यांचे काम नसते. “मग जाता कशास?” असे आम्ही विचारले. “कार्ड लागतं म्हणून,” ते म्हणाले. काही लोक कार्ड लावून, एक प्याला कॉफी पिऊन, तसेच माघारी येतात, असेही त्यांनी सांगितले. आमच्या शाळेत हजेरी देऊन मागच्या खिडकीतून पसार होणारी मुले होती. त्यांचा आम्ही समाचार घेत असू. परंतु वर्गात शिकविणाराच नसता, तर त्या मुलांस दोष देणे कठीण झाले असते.

ह्या बाबतीत नुसत्या मतांवर न जाता प्रयोग करून पाहणारेही विद्वान आहेत. निकोलस ब्लूम ह्या अर्थशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील एका प्रवासी कंपनीत सन २०१०–११ मध्ये नऊ महिने प्रयोग केला. दूरध्वनीवर गिऱ्हाइकांस उत्तरे देणाऱ्यांपैकी काहींस घरून काम दिले, काहींस कचेरीतच ठेवले. घरून करणाऱ्यांचे काम शेकडा १३ ने वाढले. परंतु प्रयोग संपल्यावर त्यांतील सुमारे निम्मे आपण होऊन कचेरीत परतले; घरात एकटे वाटते, हे त्यांचे एक मुख्य गाऱ्हाणे. त्याच कंपनीतील १६१२ माणसांवर पुढे दुसरा प्रयोग झाला, त्याचा वृत्तान्त सन २०२४ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामात वा बढतीत काही उणे आले नाही आणि नोकरी सोडून जाणारांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. हे वाचून आम्हांस वाटते, की प्रश्न घर श्रेष्ठ की कचेरी श्रेष्ठ, हा नव्हेच. कोणाचे घर आणि कोणती कचेरी, हे आधी विचारले पाहिजे.

ह्यानंतर आठच दिवसांनी आम्ही आंजर्ल्यास गेलो. ताम्हिणीचा घाट उतरून माणगाव, पुढे मंडणगड, तेथून केळशीच्या बाजूने खाली. आषाढातील ताम्हिणीचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. ज्यांनी ते धबधबे पाहिले आहेत त्यांस शब्द नकोत आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी ते आमच्या लेखणीतून पाहू नयेत. आंजर्ले हे जोग नदीच्या मुखाशी वसलेले गाव. वर डोंगरावर कड्यावरचा गणपती, खाली नारळी-पोफळीची आगरे, जांभ्याच्या पाखाड्या आणि पलीकडे हर्णै बंदरासमोर सुवर्णदुर्ग. आमच्या एका दिवंगत स्नेह्यांचे घर तेथे आहे. त्यांचे चिरंजीव आमचे विद्यार्थी. हिंजवडीतल्याच एका कंपनीत ते नोकर आहेत. परंतु ती नोकरी ते चार वर्षे आंजर्ल्याच्या माजघरात बसून करीत होते.

ह्या किनाऱ्यास घरापासून दूरची नोकरी ही गोष्ट नवी नाही. हर्णैच्या बंदरातून आगबोटीने मुंबई गाठावी, तेथे दहा-बारा जणांनी एक खोली करावी, मनिऑर्डर धाडावी आणि शिमग्या-गणपतीस घरी यावे, हा चाकरमान्यांचा क्रम कित्येक पिढ्या चालला. संस्कृत काव्यशास्त्रात जिला प्रोषितभर्तृका म्हणतात ती नायिका कोकणात घरोघर होती; मात्र तिच्यावर श्लोक न होता तिच्या अंगावर आगर, गोठा व सासर पडे. जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे पोरवयात सरकारी परीक्षेकरिता घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कामाकरिता माणसाने जावे, काम माणसाकडे येत नसते, हा येथला अलिखित नियम होता.

आमचे विद्यार्थी सन २०२० मध्ये पाडव्याकरिता म्हणून चार दिवस आधी बायको-मुलासह गावी आले व अडकले. घरच्या ओटीवर बसून काम सुरू झाले. जम बसतो न बसतो तोच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. “गुरुजी, सकाळी आगरात आभाळ दिसत नव्हतं, इतकी पोफळ दाट होती, संध्याकाळी नुसतं आभाळच उरलं,” असे ते म्हणाले. घराची कौले उडाली. वीज कित्येक आठवडे नव्हती. ते दुचाकीवरून वर सड्यावर जात, तेथे जेमतेम संदेश जाईल इतके जाळे मिळे. वरिष्ठ भला माणूस होता, त्याने सांभाळून घेतले. पाऊस उणावल्यावर त्यांनी नवी पोफळीची रोपे लावली, विजेच्या साठवणीचे यंत्र आणले, पुढे फायबरची तार घरापर्यंत आली. पोफळीस फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात, माडास त्याहून अधिक. आम्ही गेलो तेव्हा रोपे माणसाच्या डोक्यावर गेली होती.

आणि त्याच महिन्यात कंपनीचे पत्र आले होते: दिवाळीनंतर आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार ते गुरुवार, हिंजवडीस हजर राहावे, सवलत संपली.

त्या घरात ह्या पत्राचा अर्थ प्रत्येकास वेगळा होता. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. पुण्यास येऊन राहण्याविषयी त्यांस पूर्वी एकदा विचारले गेले होते व त्यांनी, “तिथं मी पाणी कशाला शिंपू, कुंडीला?” एवढेच म्हटले होते. सूनबाईंनी पुण्यातील नोकरी केव्हाच सोडली. आता त्या गावच्या बायकांकडून कोकम व आंबापोळी करवून शहरांत पाठवितात, त्या उद्योगाने नुकते मूळ धरले आहे. नातू गावच्या शाळेत तिसरीत. आम्ही त्या शाळेत डोकावलो. पटावर मुले अकरा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करावे, ही चर्चा सरकारदरबारी पुन्हा पुन्हा निघत असते. त्या शाळेतील बाईंनी आम्हांस आपण होऊन विचारले, “ते लोक पुण्याला चाललेत का हो?” एका कंपनीच्या पत्राने हिंजवडीतील टपरीवर दूध वाढणार होते आणि आंजर्ल्याच्या हजेरीपटावरील एक ओळ धोक्यात आली होती.

कंपनीची बाजू अगदीच खोटी म्हणवत नाही. विदर्भातील तो तरुण आमच्या डोळ्यांपुढे होता. त्याच्या शेजारी बसावयास आमच्या ह्या विद्यार्थ्यासारखाच जाणता मनुष्य हवा होता. पण शेजारी बसावयाचे ते कोणाच्या? आम्ही विचारले तेव्हा कळले, की ह्यांच्या हाताखालचे पाच जणही आता पाच गावी आहेत. त्यांतील दोघेच हिंजवडीस येणार. “त्या दोघांकरिता जावं असं मला वाटतं,” ते थोडे थांबून म्हणाले, “पण बोलावणं त्यांच्याकरिता आलेलं नाही. कार्डाकरिता आलं आहे.”

रात्री पडवीत बसून त्यांनी हिशेब मांडला. सोमवारी रात्रीच्या गाडीने दापोलीहून निघावे, पहाटे पुण्यास उतरावे, दोन रात्री वाकडास कोठेतरी खाट घ्यावी, गुरुवारी रात्री परतीची गाडी धरावी. शुक्रवार, सोमवार आंजर्ल्याहून काम. खाटेचे भाडे, गाडीभाडे, जेवण असा आकडा त्यांनी कागदावर लिहिला, त्याखाली रेघ मारली व कागद वहिनींपुढे ठेवला. वहिनींनी चष्मा लावून तो वाचला.

“भावोजी,” त्या आम्हांस म्हणाल्या, “ह्याचे आजोबा वर्षातून दोनदा यायचे. ह्याचे वडील महिन्यातून एकदा. हा आठवड्याला येणार म्हणतो. मी तक्रार कशाची करू?” मग मुलाकडे वळून त्यांनी विचारले, “मंगळवारी पंप कोण लावील?”

“मी लावीन,” आतून सूनबाई म्हणाल्या.

आम्ही निघालो त्या दिवशी पाऊस उघडला होता. आगरात नव्या पोफळीच्या ओळींतून ते आम्हांस कड्याच्या वाटेपर्यंत पोहोचवावयास आले. कोणत्या ओळीत किती रोपे जगली व कोणती पुन्हा लावावी लागली, हे ते बोटाने दाखवीत होते. मध्येच खिशातील फोन वाजला. अमेरिकेतून कोणी बोलत होते. फोन कानास लावून, उजव्या हाताने एका रोपाच्या बुंध्याशी आलेले तण उपटीत, ते बोलत राहिले.